‘कार्बन’ नाकाचे बावीस हजार

गाडीच्या पुढच्या भागावर कार्बन फायबरचं म्हणून बसवून घेतलेल्या ‘नाका’चा तुटलेला तुकडा घरी आणला आणि लोखंड कापायच्या करवतीनं आडवा कापला. वरून काळी विणकामासारखी नक्षी. कापलेल्या कडेला मात्र आधी पिवळट लांबीचा, म्हणजे पुटीचा, जाड थर आणि तिच्याखाली पांढरट काचतंतू. कार्बन फायबर आरपार काळं असतं. ही नक्षी म्हणजे लॅकरखाली चिकटवलेला छापील कागद होता.

माझी गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. महिन्याला पुणे-कोल्हापूर दोन-तीन फेऱ्या होतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे ६० ऐवजी ९० नं गेलं की तो सव्वादोन पट होतो. हे कळल्यापासून गाडीचं नाक गुळगुळीत करायचं माझ्या मनानं घेतलं होतं. दोन रविवार खपून पुठ्ठा, थर्माकोल आणि मास्किंग टेपचा साचा केला. वरची जाळी झाकली, खालची रेडिएटरसाठी उघडी ठेवली, बंपरखाली जमिनीकडे उतरणारा ओठ तयार केला. लोकरीचे धागे चिकटवून मित्राला शेजारच्या गाडीतून बघायला लावलं. धागे मागे सरळ झोपत होते, म्हणजे हवा न अडखळता मागे जात होती. त्या दिवशी किती आनंद झाला होता!

हाच साचा पक्क्या स्वरूपात करून घ्यायला एका वर्कशॉपमध्ये गेलो. मालकानं तो हातात घेऊन फिरवून पाहिला. “दादा, एक नंबर काम केलंय तुम्ही. याला कार्बन आणि इपॉक्सीच पाहिजे. साध्या फायबरनं वाट लागेल याची.” इपॉक्सी म्हणजे तंतूंच्या कापडाचे थर घट्ट धरून ठेवणारं एक रेझिन, म्हणजे चिकट रसायन. आपल्या कामाची कदर करणारा माणूस भेटला असं वाटलं, आणि तिथंच मी सैल पडलो. चौतीस हजार ठरले, बावीस आगाऊ दिले. कच्च्या पावतीवर फक्त ‘फ्रंट किट’ लिहिलं होतं.

त्यानं एक ‘विंड टनेल रिपोर्ट’ही दाखवला, म्हणजे बोगद्यात गाडीवर वारा सोडून केलेल्या चाचणीचा अहवाल. रंगीत चित्र आणि खाली ‘मायलेज २५ टक्के जास्त’. प्रयोगशाळेचं नाव नाही, तारीख नाही, वाऱ्याचा वेग नाही. चित्रातले आरसेसुद्धा माझ्या गाडीचे नव्हते, हे मी नंतर नीट पाहिलं. साधा हिशोब तेव्हाच करायला हवा होता. हायवेच्या वेगाला गाडी ढकलायला लागणाऱ्या जोरातला साधारण अर्धा वाटा हवेचा. नुसतं नाक बदलून तो विरोध अगदी १० टक्के कमी झाला, तरी मायलेजमध्ये ५ टक्क्यांच्या आसपासच फरक पडणार. २५ टक्क्यांसाठी विरोध साधारण ४० टक्के कमी व्हायला हवा, तो एका नाकानं होत नाही.

काम चालू असताना एकदा गेलो, तेव्हा फायबरच्या टाक्या बनवतात तिथं येतो तसा उग्र वास येत होता. तो स्टायरीन या रसायनाचा, म्हणजे साध्या फायबरसाठी वापरतात त्या पॉलिएस्टर रेझिनचा. इपॉक्सीला असा वास नसतो. मी विचारलं. “ते बाजूचं काम चाललंय,” म्हणाला. मी गप्प बसलो, याचं मला आजही वाईट वाटतं.

बसवल्यावर कात्रजच्या गर्दीत तापमानाचा काटा वर जायला लागला, एसीही गार करेना. दिसायला छान म्हणून त्यानं मला न विचारता खालचं तोंडही निम्मं बंद केलं होतं. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, त्यामुळे दोघांचीही हवा तुटली.

तिसऱ्या फेरीला खंबाटकी घाट उतरून सरळ रस्त्याला लागलो. वेग ८५ च्या आसपास होता. अचानक फडफड झाली, ओठ सुटून चाकाखाली गेला आणि मागे उडाला. मागच्या दुचाकीवाल्यानं कशीबशी गाडी बाजूला घेतली. त्याच्या मागे एक लहान मुलगी बसली होती. ते आठवलं की अजून हात गार पडतात.

बंपरच्या आतल्या बाजूला ‘पीपी’ असा ठसा आहे, म्हणजे पॉलिप्रोपिलीन हे प्लास्टिक. त्यावर पॉलिएस्टर रेझिन धरत नाही, पापुद्र्यासारखं सुटतं. त्यानं थेट बंपरवरच थर चढवले होते, एकही स्क्रू नव्हता. ही गोष्ट त्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक नसेल, हे मी मानणार नाही.

कोणी कार्बन म्हणून काही देत असेल तर पैसे देण्याआधी न दिसणाऱ्या कडेला खरकागद मारा. धूळ काळी पडली पाहिजे. मग मल्टीमीटर लावा. कार्बनमधून वीज वाहते, काचेतून नाही. माझ्या तुकड्यावर काटा हललाच नाही. पावतीवर कापड आणि रेझिन दोन्हींची नावं लिहून घ्या. “आरटीओचं मी बघतो” असं म्हणणाऱ्यावरही विसंबू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीतल्या बदलाची जबाबदारी मालकाचीच असते.

तो आता फोन उचलत नाही, माझा साचाही परत देत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगासाठी अर्ज तयार करतोय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. पावतीचा उपयोग नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर त्यानं स्वतः लिहिलेलं ‘कार्बन + इपॉक्सी फायनल’ माझ्याकडे आहे. कापलेला तुकडा गोणपाटात गुंडाळून त्या मेसेजच्या छापील प्रतीसोबत ठेवला आहे.