झुंबा लावू की तलावावरचा योग?

धाकट्या वहिनींचा जळगावहून फोन: झुंबा लावू की मेहरूण तलावावरच्या योगवर्गाला जाऊ? वजनाच्या जाहिराती सोडा, माणसं कुठे जुळतात ते बघा. झुंबा म्हणजे गाण्यांवर नाचत करायचा व्यायाम, मूळचा कोलंबियाचा. गाणी इतकी मोठ्याने, की शेजारणीचं नाव कळायला महिना जातो. पण पाऊल चुकलं की सगळ्याच हसतात, संकोच पहिल्याच दिवशी पळतो. योगात तासभर शांतता, खरी ओळख सतरंजी गुंडाळताना होते. हिवाळ्यातल्या भरीत पार्टीचे बेत तिथेच शिजतात! दांडी मारली तर दुपारी फोन ठरलेला (कधीकधी नकोसाही). फी कमी, पण मेमध्ये ऊन ७ वाजताच चटकतं. झुंब्याला छप्पर आणि पंखे. गावात नवीन असाल, ओळखी हव्या असतील तर योग. गप्पा नकोत, नुसती घरातून तासभर सुटका हवी तर झुंबा.