साल्वादोरला कुठे राहायचं: बार्राचं सी-फेसिंग हॉटेल की सांतु आंतोनियुची पौझादा?

ब्राझीलला जाणारे रिओनंतर साल्वादोर घेतात आणि मग हॉटेलवर येऊन अडतात, की छोटं, छान सजवलेलं काहीतरी बीचवर घ्यावं का वर जुन्या शहरात. आम्ही दोन्ही केलं, तीन रात्री बीचवरच्या बार्राला, चार जुन्या शहरातल्या सांतु आंतोनियुला एका पौझादात (म्हणजे छोटं घरगुती हॉटेल), त्यामुळे सांगतोय ते फक्त सात रात्रींच्या जोरावर, तेवढं सांभाळून घ्या.

बार्राची बाजू आधी, कारण ती खरंच भक्कम आहे. खाली उतरलं की पोर्तु दा बार्राचा बीच, पाणी शांत, पोहता येतं, आणि तोंड पश्चिमेला असल्यामुळे सूर्य समोर समुद्रात बुडतो. पोरं हातात छोटी शेगडी घेऊन फिरतात, तिच्यावर चीज भाजून देतात, ते खात दीपगृहापर्यंत चालत जायचं. (लिहितात बार्रा, म्हणतात ‘बाहा’, टॅक्सीवाल्याला मी चार वेळा बार्रा सांगितलं आणि तो नुसता बघत राहिला.)

आता माझं दुखणं. हॉटेल दिसायला एक नंबर होतं, पांढऱ्या भिंती, लाकूड, सगळं मोजूनमापून, आणि आम्ही सी व्ह्यूचे जास्तीचे पैसे भरलेले. पण खोलीची काच उघडेच ना. फिक्स होती. म्हणजे समोर अटलांटिक, लाटा फुटताना दिसतायत आणि कानात फक्त एसीची घरघर, रात्री दोनला उठून मी त्या काचेला कान लावलाय, बायको म्हणाली टीव्ही म्यूट करून बघतोयस असं समज आणि झोप. रिसेप्शनला विचारलं तर ते म्हणाले सगळ्या खोल्या अशाच. क्षुल्लक वाटेल कुणाला, पण मला तीन दिवस तेच डाचत होतं.

सांतु आंतोनियुला गेलो तर उलटं. पेलोरीन्यो, म्हणजे जुन्या शहराचा मुख्य भाग, त्याच्या पुढे चढण चढून गेलं की रंगीत घरांची लांब गल्ली, पणजीचं फोंतेनहास ज्यांनी पाहिलंय त्यांना लगेच ओळखीचं वाटेल, आणि का नाही वाटणार, गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजं या बंदरात थांबायची. त्या जुन्या घरांच्याच पौझादा केल्यात, पाच-दहा खोल्यांच्या. आमच्या खोलीला लाकडी झडपा, ढकलल्या की आख्खी खाडी समोर, वारा आत, आणि संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या किल्ल्यात कापोएराचा, म्हणजे नाचासारख्या ब्राझिलियन युद्धकलेचा, सराव चालतो, त्यातल्या बेरिम्बाव या एकतारी वाद्याचा आवाज. नाश्त्याला टॅपिओका, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याच्याच पिठाचं धिरडं, आत खोबरं.

त्रास इथेही आहेत. वरच्या मजल्यावर कुणी चाललं की फळ्या करकरतात, लिफ्ट बहुतेक ठिकाणी नाही, पोहायला जायचं तर कॅब. रात्री पेलोरीन्योहून चालत येऊ नका असं आम्हाला पौझादावालीनेच सांगितलं, आम्ही ऐकलं. लहान मुलं किंवा गुडघेदुखीवाले सोबत असतील तर बार्राच घ्या, मी वाद घालणार नाही.

बजेट सैल असेल तर मधला मार्ग आहे. फेरा पॅलेस, 1934 चं आर्ट डेको हॉटेल, 2017 ला नव्याने उघडलं, आणि जवळच फझानो, एका वर्तमानपत्राच्या जुन्या इमारतीत. दोन्हींच्या गच्चीवर पूल. आम्ही फेराच्या गच्चीवर फक्त एक कायपिरिन्या (इथलं लिंबाचं कॉकटेल) पिऊन आलो, राहिलो नाही, म्हणून जास्त बोलत नाही. रियो व्हर्मेल्यू हा भाग खाण्यापिण्याला मस्त, आकाराजे, म्हणजे चवळीचे तळलेले वडे, तिथेच हाणले (सुकी कोळंबी नको असेल तर आधीच सांगा), पण झोपायला तिथे नको वाटलं. कार्निव्हलमध्ये जाणार असाल तर लक्षात ठेवा, बार्रा ते ओंदिना हा मिरवणुकीचाच रूट, आपल्या विसर्जनाचा डीजे खिडकीखाली लावल्यासारखं होईल. तेव्हा मात्र न उघडणारी काच बरी म्हणायची.

पुन्हा गेलो तर मी पाच रात्री वर काढेन आणि बीचला कॅबने जाईन. तुम्ही बार्रा घेणारच असाल तर बुक करायच्या आधी एक मेल टाका, ‘अ जनेला आब्री?’, खिडकी उघडते का. गोव्याकडचं कुणी सोबत असेल तर त्याला हा शब्द शिकवावा लागणार नाही, कोकणीत खिडकीला जनेलच म्हणतात.