एअर पिस्तूलची शिसवी ग्रिप : आठ महिने वापरल्यावर

गेल्या दिवाळीनंतर माझ्या १० मीटर एअर पिस्तूलवरची कंपनीची ग्रिप, म्हणजे मूठ, उतरवली आणि हाताने घडवलेली शिसवी ग्रिप चढवली. आता श्रावण लागलाय. मधल्या काळात रोज चाळीस-पन्नास छर्रे आणि त्याच्या दुप्पट ड्राय फायर (छर्रा न भरता ट्रिगर ओढणं), एवढा तिचा वापर झाला. तयार ग्रिपमध्ये ज्यांचा हात बसत नाही आणि परदेशी ग्रिप मागवणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट. मी फक्त लाकडाला हात लावलाय. हवेचा सिलिंडर, नळी, ट्रिगरची यंत्रणा यांपैकी कशालाही नाही, आणि कुणी लावूही नये. सिलिंडरमध्ये २०० बारच्या आसपास दाब असतो. पिस्तूल ४.५ मिमीचं, छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलच्या खूप आत, त्यामुळे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे त्याला परवाना लागत नाही. सराव घरातच होतो. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरातले माग गेले, पण मागाची लांबलचक खोली राहिली. भिंत ते भिंत मोजून दहा मीटर मिळतात. १.४० मीटर उंचीवर टार्गेट, मागे जाड लोखंडी पेटी, आणि सराव चालू असेतो दाराला आतून कडी.

माझा तळवा रुंद आणि बोटं आखूड. मीडियम ग्रिप घेतली की पहिलं बोट ट्रिगरपर्यंत ताणून न्यावं लागायचं, स्मॉल घेतली की तळव्याची कड बाहेर लोंबायची. वर्षभर माझे छर्रे डावीकडे खाली जायचे, आठच्या नाहीतर सातच्या रिंगणात. मी मनगटाला दोष देत राहिलो, रोज डंबेल उचलले. खरं कारण फार साधं होतं. पहिल्या बोटाचं मूळ लाकडाला घासत होतं. ट्रिगर मागे येताना बोट लाकडाला ढकलायचं आणि लाकूड पिस्तूलला. टार्गेटच्या मधोमधचं दहाचं रिंगण ११.५ मिमीचं असतं. तिथे एवढा धक्का पुरतो.

लाकूड आजोळचं. जांबोटीच्या घरी मोडलेल्या शिसवी पलंगाचे दोन खूर माडीवर पडून होते, चार इंची, चौरस, कित्येक वर्षांत वाळून खडखडीत झालेले. यातलं हे वाळणं सगळ्यात महत्त्वाचं. ओलं लाकूड घेतलं तर पिस्तूलवर बसायची खाच कितीही नेमकी पाडा, महिन्याभरात फट पडते. शिसव सागवानापेक्षा जड असतो. स्पर्धेत पिस्तूलचं एकूण वजन १५०० ग्रॅमच्या आत लागतं, माझं १०६० भरलं, म्हणजे अडचण आली नाही. हाताखाली थोडं वजन आल्यामुळे नेम धरायचा पुढचा सायट डुलायचाही कमी झाला. मात्र शिसवाचा भुसा वाईट. पहिल्या दिवशी मास्क न लावता कानस चालवली आणि दोन दिवस डोळे लाल, नाक वाहतंय.

आतली खाच हाताने पाडायचा नाद मी केला नाही. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये जुनी ग्रिप नमुना म्हणून दिली आणि मिलिंगवर खाच पाडून घेतली. ग्रिप फ्रेमवर हलत असेल तर बाहेर कितीही सुंदर घडवा, उपयोग शून्य. इथे पैसे वाचवू नका.

बाहेरचं काम जांबोटीच्या सुतारकाकांसमोर बसून केलं. मी एकाच दिवशी मोकळा व्हायला बघत होतो. काका म्हणाले, "एवढी घाई कशाला करालाईस? गेलेलं लाकूड परत येत नाही बघ. हाताला गेरू लाव आधी." तळहाताला ओल्या गेरूचं पातळ बोट फिरवायचं, ते जरा सुकू द्यायचं, नेमात धरतो तशी ग्रिप धरायची, मग सोडायची. जिथे हात दाबतो तिथे लाल ठसा उमटतो. माझा पहिला ठसा बघून मी गप्पच झालो. अंगठ्याच्या फुगीर भागाखाली गडद लाल, मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर एक टिपका, आणि तळव्याच्या मधोमध रुपयाएवढी कोरी जागा. म्हणजे मी पिस्तूल फक्त दोन ठिकाणी धरत होतो. लाल जागा कानशीने दोन-चार घासे उतरवायची, पुन्हा गेरू, पुन्हा ठसा. पहिल्या बोटाखालचं लाकूड मी पुरतं दोन मिमी काढलं, बोट आणि लाकूड यांच्यामधून पोस्टकार्ड सरकेल एवढं. तळव्याची कोरी जागा एपॉक्सी पुट्टीने भरली. शिसव तेलकट असतो, म्हणून पुट्टीआधी ती जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून थिनरने पुसा, नाहीतर खपली निघते. माझी एकदा निघाली.

पण गेरूचा ठसा सगळीकडे सारखा लाल झाला की काम झालं, हा माझा समज चुकीचा निघाला. डिसेंबरात ग्रिप हाताला इतकी मऊ, इतकी बरोबर वाटत होती की मी खूश होतो, आणि स्कोअर होता तिथेच. सगळीकडून भरलेल्या ग्रिपमध्ये हात कसाही बसतो आणि दरवेळी बराच वाटतो. हात दरवेळी त्याच जागी जायला हवा, आणि त्यासाठी दोन-तीन ठिकाणी लाकडाने अडवलं पाहिजे. मी अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या खळगीची जागा वर घट्ट ठेवली, खाली तळव्याची फळी (तळव्याच्या कडेला खालून आधार देणारी) घट्ट ठेवली, आणि मधली पुट्टी पुन्हा थोडी उतरवली. मग रोजची परीक्षा: डोळे मिटून पिस्तूल उचलायचं, टार्गेटच्या उंचीवर थांबायचं, डोळे उघडायचे. पुढचा सायट मागच्या खाचेत मधोमध दिसला पाहिजे. सुरुवातीला दहापैकी तीन-चारदा दिसायचा, फेब्रुवारीअखेर आठ-नऊदा.

मार्चमध्ये एका स्पर्धेच्या तपासणीत माझं पिस्तूल अडकलं. ते ४२० बाय २०० बाय ५० मिमीच्या पेटीत मावावं लागतं. तळव्याच्या फळीला मी जास्तीची पुट्टी लावली होती, जाडी ५० च्या वर गेली. त्यात फळीची कडही थोडी वर वळलेली, आणि वर वळलेली कड नियमात बसत नाही. चूक सगळी माझी. मैदानाबाहेर कट्ट्यावर बसून पॉलिश पेपरने पाऊण तास घासलं, दुसऱ्या तपासणीत पास झालं, पण हात थरथरत होता आणि पहिली दहा शॉटची सिरीज वाया गेली. घरीच पुठ्ठ्याची त्या मापाची पेटी करून ठेवा.

पावसाळ्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. जांबोटी-खानापूरकडचा पाऊस माहीत असलेल्याला ती कळेल. जून-जुलैत घरातले दरवाजे चौकटीत अडकतात, तर ग्रिपचं काय होणार? शिसव फारसा फुगला नाही. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे चार पातळ हात दिले होते, आतल्या खाचेलाही, त्याचा उपयोग झाला. पण तेलाने ग्रिप घामट हातात निसटायला लागली. शेवटी पंच मारून टिपके पाडले, खळगीखाली आणि बोटांच्या बाजूला. दोन रात्री लागल्या. टिपके पाडल्यावर पकड सैल ठेवूनही पिस्तूल हलत नाही, आणि पकड सैल राहिली की ट्रिगरचं बोट मोकळं चालतं.

साठ शॉटचा माझा सरासरी स्कोअर ६०० पैकी ५३८ वरून ५५१ वर आलाय. सगळं श्रेय ग्रिपला देणार नाही, सरावही वाढला. पण डावीकडे खाली जाणारे छर्रे जवळजवळ बंद झाले, ते मात्र तिच्यामुळेच. अजून खटकतं ते अंगठ्याच्या फळीचं टोक. थंडीत बरोबर, उन्हाळ्यात हात फुगला की टोचतं. ते अर्धा मिमी काढायचं की नाही, यावर तीन महिने विचार चाललाय.

पलंगाचा दुसरा खूर पुतणीसाठी ठेवलाय. ती चौदा वर्षांची, डावखुरी. डाव्या हाताची ग्रिप इथे शोधून मिळत नाही. गेल्या रविवारी तिच्या हाताचा गेरूचा ठसा घेतला. हात अजून वाढतोय, म्हणून सगळीकडे लाकूड जाडच ठेवणार आहे. पहिल्या बोटाखाली तेवढं आत्ताच मोकळं करीन.