‘हर्बल’ स्प्रेच्या लेबलाखाली दुसरं लेबल निघालं

लेबलाचा एक कोपरा सुटला होता. तो नखाने ओढला, तर खाली आणखी एक लेबल. त्यावर कुत्र्याचं चित्र, टी ट्री तेलाचं नाव आणि अगदी बारीक अक्षरांत ‘मांजरांवर वापरू नये’. हाच स्प्रे मी ११ दिवस, रोज दोन वेळा, आमच्या सावरीच्या मागच्या पायांवर आणि शेपटीखाली मारत होते.

लांब केसांचं मांजर ज्यांच्या घरी आहे त्यांनी हे वाचावं म्हणून सगळं लिहितेय, माझ्या चुकांसकट.

सावरी ७ वर्षांची पर्शियन. मागच्या मांड्यांवर पायजमा घातल्यासारखे दाट केस, शेपटीखालीही तसेच. शी घट्ट असते तोवर या केसांना काही होत नाही. पातळ झाली की मात्र लगेच लागते, वर लिटरची, म्हणजे तिच्या शी-शूच्या ट्रेमधली, माती चिकटते आणि तासाभरात सगळं वाळून खडा होतो. मग ती फरशीवर बूड घासत फिरते. चपट्या तोंडाच्या मांजरीला स्वतःला चाटून साफ करणं तसंही कठीण जातं. दोन महिने आमच्याकडे हेच चालू होतं. ट्रेमधून बाहेर आली की तिला धरायचं, पुसायचं, ती ओरडणार, मी रडकुंडीला येणार.

अशात घरी येऊन ग्रूमिंग करणारा एक माणूस सापडला. त्याने आधी-नंतरचे फोटो पाठवले, पांढऱ्याशुभ्र पर्शियन मांजरांचे. घरी आल्यावर सावरीला नीट हातही न लावता म्हणाला, “ताई, पर्शियनचं असंच असतं. हा केसांचा प्रॉब्लेम आहे, पोटाचा नाही. डॉक्टरकडे नेलंत तर उगाच औषधं भरवतील.”

मी फसले ती या वाक्याला. पिंजरा दिसला की सावरी पलंगाखाली जाते, दवाखान्यात थरथर कापते, आणि मला तिला न्यायचंच नव्हतं. मला जे ऐकायचं होतं तेच तो बोलला. ८ भेटींचं पॅकेज, पैसे आधी. स्प्रेचे वेगळे. “हे मारलं की घाण केसाला धरतच नाही.” त्यात काय आहे विचारलं तर म्हणे घरचा फॉर्म्युला, सगळं हर्बल. मी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या भेटीत त्याने शेपटीखालच्या जटा कात्रीने कापल्या. संध्याकाळी मला तिथे बोटाच्या पेराएवढी चीर दिसली. फोन केला तर म्हणाला, तिनेच खाजवलं असेल. तेव्हाच थांबायला हवं होतं. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, जट ओढली की कातडीही तिच्याबरोबर वर येते आणि कात्रीत सापडते. म्हणून जटांना कात्री लावायचीच नाही, केस कापायचं मशीन वापरायचं, हे मला नंतर कळलं. ज्याचं रोजचं काम आहे त्याला ते माहीत असायलाच हवं.

स्प्रेच्या अकराव्या दिवशी रात्री सावरीच्या तोंडातून लाळ गळू लागली. उठायला गेली तर मागचे पाय लटपटले. डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न, “गेल्या काही दिवसांत तिच्या अंगावर काय काय लावलंय? बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा.” वाचायला काही नव्हतंच. म्हणून मी बाटली दिव्याखाली धरली, आणि ते लेबल सुटलेलं दिसलं.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे तिचा मागचा भाग कोमट पाण्याने आणि भांडी धुण्याच्या सौम्य लिक्विडने धुतला, टॉवेलमध्ये गुंडाळलं, चाटू दिलं नाही आणि तसंच दवाखान्यात नेलं. उलटी काढायचा प्रयत्न करू नका, असं त्यांनी बजावलं होतं. टी ट्रीसारखी तेलं कातडीतूनही आत शिरतात आणि चाटल्याने पोटातही जातात. असे पदार्थ निकामी करून बाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार कमी असते. कुत्र्याला चाललं म्हणून मांजराला चालेल असं नसतं, आणि ‘हर्बल’ या शब्दाने त्यात काही फरक पडत नाही. सावरी दोन दिवस तिथे होती. वाचली.

तिथेच पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, मुळात शी पातळ का होतेय? तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागवले, कारण जिआर्डिया नावाचा परजीवी दर वेळी शीतून बाहेर पडतोच असं नाही, एका नमुन्यात निसटू शकतो. आमच्याकडे तोच निघाला. डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्यावर मी अजून विचार करते. जिआर्डियाच्या पुटी, म्हणजे कवचात बंद असलेले त्याचे सूक्ष्म जीव, शेपटीखालच्या केसांना चिकटून राहतात, मांजर चाटतं, आणि लागण पुन्हा होते. म्हणजे केस साफ ठेवणं गरजेचं होतंच, पण औषधाच्या जोडीने. पोटाचा काही संबंध नाही म्हणणारा तो माणूस आठ काय, ऐंशी वेळा आला असता तरी ते केस पुन्हा घाण झालेच असते.

औषध सुरू असताना ट्रे रोज गरम पाण्याने धुतला, तिला मागून धुऊन पूर्ण कोरडं केलं. शी घट्ट झाली आणि निम्मा त्रास तिथेच संपला. आता दवाखान्यातली मुलगी दर पाच-सहा आठवड्यांनी मशीनने शेपटीखालचे आणि मांड्यांच्या आतले केस बारीक करते. बाकीचा झुपका तसाच राहतो, वरून कळतही नाही. गुठळ्या होणारी बारीक माती बंद करून लाकडाच्या गोळ्यांचं लिटर आणलं, ते केसांत अडकत नाही. ट्रेही मोठा घेतला, तिच्या लांबीच्या दीडपट, कारण जुन्यात तिला वळताना स्वतःच्याच घाणीत टेकावं लागायचं. क्वचित काही लागलंच तर कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ कापड त्यावर मिनिटभर धरते, सुटलं की कंगव्याने काढते. वाळलेलं ओढत नाही. जंतुनाशक वाइप्स तर घरातून काढूनच टाकले. त्यांपैकी काहींत असलेल्या बेन्झाल्कोनियम क्लोराइडने चाटणाऱ्या मांजराच्या जिभेला फोड येतात.

त्या माणसाला लेबलाचा फोटो पाठवला. त्याने मला ब्लॉक केलं. उरलेल्या सहा भेटींचे पैसे परत आले नाहीत. मग त्याने पाठवलेले फोटो मी इंटरनेटवर शोधून पाहिले. तीच मांजरं वेगवेगळ्या नावांच्या चार पानांवर होती. पैसे देण्याआधी पाच मिनिटं काढून हेच शोधलं असतं तर सावरीवर ती रात्र आली नसती. तुमच्याकडे कुणी असे फोटो पाठवले तर आधी ते शोधून पाहा, आणि बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती उघडूही नका.

चीर भरली आहे. तिथले केस अजून थोडे आखूड आहेत, आणि तिथे हात लागला की ती अजूनही अंग चोरते.