अँड्रॉइड सेट-टॉप बॉक्स: गाइड आणि शोध खरंच उपयोगी पडतात का? दिवाळी ते गणपती वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीत घरचा जुना डीटीएच बॉक्स देऊन त्याच कंपनीचा अँड्रॉइडवाला घेतला. आता गणपती तोंडावर आलेत. चित्र झकास, आवाज ठीक, रिमोट दणकट, तिथे तक्रार नाही. मी लिहितोय ते गाइड (पडद्यावर दिसणारी कार्यक्रमांची यादी, वेळ आणि वर्णनासकट) आणि शोधाबद्दल, कारण घेतला तोच त्यासाठी. आईला वाहिन्यांचे नंबर पाठ करावे लागू नयेत, तिने रिमोटमध्ये बोलावं आणि कार्यक्रम समोर यावा, एवढीच अपेक्षा.

पहिल्याच आठवड्यात तिने 'निळू फुलेंचे सिनेमे' मागितले. आले, पण निम्मेच. त्याच दिवशी संध्याकाळी एका वाहिनीवर त्यांचा एक सिनेमा लागला आणि तो यादीत नव्हता. इन्फोचं बटण दाबून पाहिलं तर वर्णनात एवढंच: 'मराठी चित्रपट'. कलाकार नाहीत, दिग्दर्शक नाही, साल नाही. बॉक्स काही सिनेमा बघून निळूभाऊंना ओळखत नाही, त्या नोंदीत जे लिहिलंय तेवढंच चाळतो. दुसऱ्या एका नोंदीत नाव होतं, पण रोमन लिपीत आणि भलत्याच स्पेलिंगने, म्हणून तीही निसटली.

'सामना' म्हटलं की क्रिकेट येतं. जब्बार पटेलांचा 1975 चा सिनेमा हवा असेल तर साल जोडून बोलायचं, मग सापडतो. पण तेही ओटीटीच्या नोंदींपुरतं, कारण त्यांत साल, दिग्दर्शक, कलाकार सगळं भरलेलं असतं. एकाच बॉक्सवर, एकाच शोधात ओटीटीचा माल पुढे आणि वाहिन्यांचा मागे पडतो, त्याचं कारण हेच. कंपनी मुद्दाम करते असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही.

मालिकांची गत याहून वाईट. रात्री साडेआठचा भाग, दुसऱ्या दिवशी सकाळचं पुनःप्रक्षेपण आणि दुपारचं आणखी एक, तिन्हींवर एकच ओळ: 'एका कुटुंबाची भावस्पर्शी कथा.' दिवाळीत हीच होती, आजही हीच आहे. मधल्या काळात त्या कुटुंबात दोन लग्नं आणि एक अपहरण झालं! भाग क्रमांक नाही, प्रथम प्रसारणाची तारीख नाही. त्यामुळे 'मालिका रेकॉर्ड करा' लावलं की बॉक्स इमानेइतबारे तिन्ही वेळा रेकॉर्ड करतो आणि आई विचारते, "अरे, हा कालचाच ना?"

कीर्तनाचा किस्सा वेगळा. उपग्रहावरून येणारं गाइड डीव्हीबी या डिजिटल प्रसारणाच्या युरोपीय मानकाच्या साच्यात बसवलेलं असतं. त्यात कार्यक्रमाच्या प्रकाराला ठरलेले संकेतांक आहेत. ऑपेराला जागा आहे, बॅलेला आहे. कीर्तन मात्र 'लोकसंगीत'मध्ये टाकायचं की कला-संस्कृतीखालच्या 'धर्म'मध्ये, हे भरणाऱ्याच्या मर्जीवर. आमच्याकडे एका वाहिनीचं कीर्तन 'संगीत'मध्ये सापडतं, दुसरीचं कुठेच नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2017 च्या नियमांनुसार गाइडमध्ये वाहिन्या प्रकारवार लावतात, आणि त्या प्रकारात एका भाषेच्या वाहिन्या शेजारीशेजारी. सोय चांगली आहे, पण ती वाहिनीपुरती. मनोरंजन वाहिनीवर भल्या पहाटे लागणारं कीर्तन त्या रचनेत कुणाला दिसणार?

थोडी बाजू त्यांचीही. त्याच मानकात नाव आणि छोटं वर्णन मिळून एका नोंदीला जेमतेम 250 बाइट मिळतात. यूटीएफ-8 या मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत इंग्रजी अक्षर 1 बाइट खातं. देवनागरीत अक्षर 3, त्यावरची वेलांटी 3, अनुस्वार आणखी 3. ऐंशीएक खुणांत जागा खलास. म्हणून कित्येक नोंदी रोमनमध्ये येत असतील तर नवल नाही. मोठ्या वर्णनासाठी वेगळी सोय आहे, पण ती रोज भरायला कुणीतरी बसवावं लागतं.

बसवलं की फरक दिसतो. एका वाहिनीवरचा मुलाखतींचा कार्यक्रम दर भागाला पाहुण्याचं नाव, त्यांचं क्षेत्र आणि गाव लिहितो. आईने सहज 'सांगली' म्हटलं, तर तिच्या माहेरच्या एका शेतकऱ्याची मुलाखत आली. कार्यक्रमाचं नावही तिला ठाऊक नव्हतं. आता तो दर आठवड्याला लागतो. ज्याच्यासाठी पैसे मोजले ते एवढं एकदाच मनासारखं झालं.

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणाले, वर्णन वाहिनीकडून येतं. वाहिनीला मेल केला तर पोच आली, पुढे शांतता. मला तीनच रकाने भरून हवेत: प्रथम प्रसारणाची तारीख, कलाकार देवनागरी आणि रोमन दोन्हींत, आणि आजच्या भागात काय आहे त्याची एक ओळ.

ओटीटी आणि तिथल्या सिनेमांसाठी घेत असाल तर जरूर घ्या. मराठी वाहिन्यांवरचं शोधायला घेत असाल तर आधी दुकानात किंवा ओळखीच्या घरी तुमच्या रोजच्या तीन-चार कार्यक्रमांवर इन्फो दाबून बघा, मगच पैसे द्या. बॉक्सला चार तारे, गाइडला दोन.