शेवटचं ड्रॉइंग कुठलं? ऑफिस क्लाउडवर नेल्यानंतरचे आठ महिने

पुण्यात एरंडवण्यात आमचं अकरा जणांचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. कुठलं ड्रॉइंग कोणाला कधी गेलं याचा हिशोब माझ्याकडे असतो. दिवाळीनंतर आम्ही सगळी कामं एका क्लाउड सॉफ्टवेअरवर नेली. त्याचं नाव देत नाही, कारण आम्ही डेमो पाहिलेली तिन्ही सॉफ्टवेअर कामाला साधारण सारखीच होती. फरक पडला तो आम्ही ते कसं वापरलं यामुळे.

हे करावं लागलं ते वाघोलीच्या साइटमुळे. चौथ्या मजल्याचा स्लॅब ओतून झाला आणि शटरिंग उतरवल्यावर कळलं, की एका टॉयलेटचा संक, म्हणजे पाइपांसाठी स्लॅबमध्ये ठेवलेला खोलगट भाग, जुन्याच जागी राहिलाय. साइट ऑफिसच्या भिंतीवर आर-२, म्हणजे ड्रॉइंगची दुसरी सुधारित आवृत्ती होती, स्लॅब-बीमचं डिझाइन करणाऱ्या आरसीसी कन्सल्टंटकडे आर-३ आणि आमच्या मशीनवर आर-४. तिघांनीही मन लावून काम केलं होतं, आपल्याकडचंच शेवटचं असं समजून. जुना संक भरला. नव्या जागी संक नसल्यामुळे पाइप बसवायला फरशीची लेव्हल उचलावी लागली. त्या घरातल्या आजींना रोज टॉयलेटमध्ये पायरी चढून जावं लागणार, हे मला अजून लागून राहिलंय.

पहिले दोन महिने फार त्रासाचे गेले. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की शेजारी डीडब्ल्यूएल नावाची छोटी लॉक फाइल तयार होते आणि त्यावरून दुसऱ्याला कळतं, की हे ड्रॉइंग कोणीतरी उघडून बसलंय. ऑफिसच्या सर्व्हरवर हे बिनबोभाट चालायचं. क्लाउडशी आपोआप जुळत राहणाऱ्या सिंक फोल्डरमध्ये मात्र प्रत्येकाच्या मशीनवर स्वतंत्र कॉपी असते, लॉक वेळेवर पोचत नाही. दोघींनी एकच टिपिकल फ्लोअर प्लॅन दुपारभर सुधारला आणि संध्याकाळी दोन फाइली समोर आल्या. त्या जुळवायला दुसरा अख्खा दिवस गेला. आता काम सुरू करण्याआधी फाइल आपल्या नावावर ‘चेक आउट’ करायची, हा नियम आहे. एक्सरेफचे, म्हणजे ड्रॉइंगला बाहेरून जोडलेल्या फाइलींचे, पाथही रिलेटिव्ह करून घ्या. नाहीतर तुमच्या मशीनवर दिसणारी कॉलम ग्रिड शेजारच्या टेबलावर गायब असते. रेव्हिट हे थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी सेंट्रल मॉडेल, म्हणजे सगळ्यांची सामाईक मूळ फाइल, साध्या सिंक फोल्डरमध्ये अजिबात ठेवू नये, त्यासाठी त्याचं स्वतःचं क्लाउड वर्कशेअरिंग घ्यावं.

खरी घडी बसली ती फोल्डर बदलल्यावर. आयएसओ १९६५० हे २०१८ चं मानक आहे. त्यात माहितीच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: काम चालू, सामायिक, प्रकाशित आणि संग्रह. आम्ही तेच चार फोल्डर केले. आर्किटेक्ट पहिल्यात काम करतो, कन्सल्टंट दुसऱ्यात बघतो, साइटला फक्त तिसरा दिसतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात फाइल टाकायचा अधिकार दोघांनाच आहे, मोठ्या सरांना आणि मला. हे होण्याआधी भूगावच्या बंगल्याच्या मालकांना सगळंच दिसत होतं. एका रात्री त्यांनी कच्च्या पर्यायातली मोठी गच्ची पाहिली आणि घरच्यांना दाखवूनही टाकली. ती सेटबॅकच्या, म्हणजे प्लॉटच्या कडेने मोकळी सोडायच्या जागेच्या, नियमात बसत नव्हती. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांचा हिरमुसलेला चेहरा बघून फार वाईट वाटलं.

मंजूर नकाशांचा संच आम्ही वेगळा, कुलूपबंद ठेवलाय. रेरा या बांधकाम प्रकल्पांच्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मंजूर आराखड्यात, सामायिक जागांत मोठा बदल करायचा तर किमान दोन तृतीयांश घरखरेदीदारांची लेखी संमती लागते. वर्किंग ड्रॉइंग करता करता जिना थोडा सरकला, तर ते मंजूर नकाशाशी ताडून बघायलाच हवं. आता दोन्ही शीट एकमेकांवर ठेवली की फरक लाल रंगात उठून दिसतो. या एका सोयीसाठी मी या सॉफ्टवेअरला मनापासून दाद देते. पूर्वी हेच मी ट्रेसिंगसारखे दोन प्रिंट खिडकीच्या काचेवर धरून करायचे. पालिकेच्या परवानगीचं काम मात्र पालिकेच्याच प्रणालीत करावं लागतं, तिथे याचा काही उपयोग नाही.

आता टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे शीटवरच्या नाव-तारखेच्या चौकटीत, क्यूआर कोड असतो. जुलैच्या पावसात वाघोलीला गेले होते. प्लायवर टाचलेल्या शीटवर सिमेंटचे शिंतोडे उडाले होते. सुपरवायझर दादांनी अंगठ्याने कोड पुसला, मोबाइल धरला. स्क्रीनवर लाल पट्टी आली, हे जुनं आहे. “मॅडम, नवीन काढून देता का? सेंटरिंग तोवर थांबवतो.” लिंटेलची, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या बीमची, उंची दीडशे मिलिमीटरने बदलली होती. गवंडी अजून वर चढलेही नव्हते.

तक्रारीही आहेत. बेसमेंटमध्ये रेंज नसते, म्हणून शीट आधीच डाउनलोड करून न्यावी लागतात आणि घाईत ते राहून जातं. मोबाइलवर ए-वन शीटची मापं वाचताना डोळे दुखतात. साइटला एक टॅब दिल्यावर सुटका झाली. टास्क, रंगीत चार्ट, टक्केवारी यांचा आम्हाला फारसा उपयोग झाला नाही. सोमवारच्या सकाळच्या बैठकीत, फळ्यासमोर उभं राहून, काम जास्त लवकर कळतं. साइटवाले फोटो अजूनही मोबाइलच्या ग्रुपवरच टाकतात. ते मी रोज संध्याकाळी योग्य जागी चढवते. त्यात अर्धा तास जातो, पण चार महिन्यांनी बिलाचा वाद निघाला की तोच अर्धा तास कामी येतो.

पैशाचं सांगायचं तर वर्गणी माणशी आहे, वर १८ टक्के जीएसटी. लहान ऑफिसला हे जड जातं. कन्सल्टंटना फक्त बघायला मोफत प्रवेश मिळतो का, हे घेण्याआधी लेखी विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात करा, आम्ही ती सहाव्या महिन्यात केली. पूर्ण झालेला एक प्रोजेक्ट बाहेर काढून बघा. आमच्या फाइली फोल्डरसकट नीट उतरल्या, पण शीटवर टाकलेल्या शंका आणि उत्तरं वेगळ्या तक्त्यात आली, कोणती खूण कुठल्या बीमपाशी होती ते कळेना. इमारत पन्नास वर्षं उभी राहते, वर्गणी वर्षाची असते. तेव्हापासून प्रत्येक प्रकाशित संच खुणांसकट पीडीएफ करून ऑफिसच्या हार्ड डिस्कवर ठेवतो.

वर्षाची वर्गणी संपली की नूतनीकरण आहे. नऊ जणांचंच करतोय. अकाउंट्सवाल्या ताईंना आणि हाताने मॉडेल बनवणाऱ्या दादांना लॉगिनची गरज पडली नाही. त्या पैशात भूगावच्या साइटलाही एक टॅब घेतोय.