दिग्दर्शनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम: एक वर्ष आत राहिल्यावर

दोन-चार नाटकं स्वतः बसवून झाली असतील आणि तरीही नटांशी नेमकं काय बोलावं हे दर तालमीला नव्याने शोधावं लागत असेल, तर असा अभ्यासक्रम तुमच्यासाठी आहे. एकही नाटक बसवलेलं नसेल तर थोडं थांबा, आधी बसवा. मी पहिलं वर्ष संपवून दुसऱ्यात आहे. प्रवेशाआधी जे जे वाचलं त्यात ‘दृष्टी घडते’, ‘स्वतःची शैली सापडते’ असलंच काही होतं. रोज तालमीच्या खोलीत गेल्यावर प्रत्यक्ष काय करायला लावतात ते कुठेच मिळालं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका बंधनाचा. पहिल्या सत्रात नटाला सूचना देताना भावनेचं नाव घ्यायला बंदी होती. ‘अजून राग आण’, ‘इथे जरा हळवी हो’ असं काही म्हणायचं नाही. पात्राला समोरच्याकडून काय हवंय आणि ते मिळवायला ते काय करतंय, एवढंच बोलायचं.

एका प्रवेशात भाऊ-बहीण समोरासमोर बसलेत, टेबलावर घराचे कागद आहेत आणि भाऊ सही करायच्या बेतात आहे. बहिणीचं काम करणारी मुलगी पहिल्या वाक्यापासून वरच्या पट्टीत जात होती आणि प्रवेश तिथेच संपत होता. बसवणाऱ्या सहाध्यायाने तिला सांगितलं, ‘त्याची सही व्हायच्या आत पेन तुझ्याकडे आलं पाहिजे, पण तू ते मागायचं नाहीस.’ तिने खुर्ची जवळ ओढली, कागद नीट लावायला घेतले, बोलता बोलता पेन गठ्ठ्याखाली सरकवलं. आवाज आपोआप खाली आला. रागाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं, तरी बघणाऱ्या आम्हा सगळ्यांना तो दिसला. मग भावानेही गठ्ठ्यावर हात ठेवला, आणि संहितेत नसलेली एक लांब शांतता तयार झाली. ती पुढे प्रयोगातही राहिली.

यामागे रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीचं शेवटच्या वर्षांतलं काम आहे. टेबलाभोवती बसून दिवसचे दिवस संहितेची चिरफाड करण्याची पद्धत रूढ करण्यात त्याचा मोठा वाटा होता, पण 1938 मध्ये तो गेला त्याआधीच्या काही वर्षांत त्याने नटांना लवकर उभं करायला सुरुवात केली. ती पद्धत पुढे रशियन दिग्दर्शिका मारिया क्नेबेलने नीट मांडली आणि शिकवली. आम्ही ती अशी वापरतो: प्रवेश वाचायचा, त्यात कोणती घटना घडते ते एका वाक्यात ठरवायचं, संहिता बाजूला ठेवून तोच प्रवेश स्वतःच्या शब्दांत करून बघायचा, आणि लगेच संहितेकडे परत जाऊन काय सुटलं ते तपासायचं. वाक्यं पाठ करायची वेळ फार उशिरा येते. वास्तववादी नाटकाला ही पद्धत जबरदस्त लागू पडते. पद्यात किंवा लयबद्ध भाषेत लिहिलेल्या नाटकाला मात्र ती पुरत नाही, कारण तिथे शब्दांची रचना हाच पात्राचा श्वास असतो. स्वतःच्या शब्दांत करायला गेलं की तोच निघून जातो. शिक्षकांशी यावर वाद घातला, अजूनही घालते.

दुसरं मोठं प्रकरण ‘व्ह्यूपॉइंट्स’चं, म्हणजे रंगमंचावरची हालचाल काळ आणि अवकाशाच्या घटकांत विभागून तिच्यावर काम करण्याचं. मेरी ओव्हरली या नृत्यदिग्दर्शिकेने मुळात सहा घटकांत मांडलेली ही पद्धत ॲन बोगार्ट आणि टीना लँडाऊ या दिग्दर्शिकांनी नाटकासाठी वाढवून नऊवर नेली. लय, कालावधी, दुसऱ्याच्या हालचालीला शरीराने दिलेला प्रतिसाद, पुनरावृत्ती हे काळाचे चार. आकार, हावभाव, वास्तू, दोन शरीरांमधलं अंतर, चालण्याची वाट हे अवकाशाचे पाच. फायदा असा की हालचाली दिग्दर्शकाने कागदावर आखून आणाव्या लागत नाहीत, नट स्वतः शोधतात आणि आपण निवडतो. पण गट देखणा दिसायला लागला की गोष्ट कुठे गेली याचं भान राहत नाही. आमच्या वर्गात हे वारंवार झालं.

इतिहासाचे तास थोडे होते, पण एक गोष्ट पक्की बसली: आपण ज्याला दिग्दर्शक म्हणतो तो स्वतंत्र माणूस फार जुना नाही. जर्मनीतल्या माइनिंगन संस्थानाच्या ड्यूकची, त्याच्याच दिग्दर्शनाखालची नाटकमंडळी 1874 ते 1890 युरोपभर फिरली, फ्रेंच दिग्दर्शक आँत्वानने आणि स्तानिस्लावस्कीने तिचे प्रयोग पाहिले, आणि स्तानिस्लावस्कीचं मॉस्को आर्ट थिएटर उभं राहिलं 1898 मध्ये. इतक्या कोवळ्या पेशाची एकच ठरलेली पद्धत असणार कशी? म्हणून वेगवेगळ्या शिक्षकांनी एकमेकांविरुद्ध सांगितलं तर मला आता त्रास होत नाही.

नेपथ्यासाठी 1:25 प्रमाणात प्रतिकृती करायला शिकवतात. ते कामाचं आहे.

कामावर चर्चा कशी होते याबद्दल मात्र सांगायलाच हवं. आमच्याकडे अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मनची चार टप्प्यांची पद्धत वापरतात. आधी बघणाऱ्यांनी त्यांना काय भिडलं ते सांगायचं, मग दिग्दर्शकाने प्रश्न विचारायचे, मग बघणाऱ्यांनी आत मत लपवून आणलेले नव्हे, तर खरोखर कोरे प्रश्न विचारायचे, आणि शेवटी परवानगी घेऊन मत द्यायचं. ‘तो प्रवेश इतका संथ का ठेवलास?’ हा कोरा प्रश्न नव्हे. ‘त्या प्रवेशाची गती ठरवताना काय डोक्यात होतं?’ हा कोरा. हा फरक अंगवळणी पडायला सत्र गेलं, पण त्यानंतर माझ्या तालमीत नट माझ्याशी मोकळेपणाने बोलायला लागले.

आता उणिवा. तांत्रिक बाजू फार तोकडी आहे. प्रत्यक्ष दिव्यांसह रंगमंच आम्हाला प्रयोगाच्या अगदी तोंडावर मिळतो, त्यामुळे प्रकाशाचे क्यू, म्हणजे दिवे नेमके कधी बदलायचे त्या खुणा, घाईघाईत लावले जातात. एखादा क्यू दोन सेकंद आधी गेला तर प्रवेशाचा अर्थ कसा बदलतो, हे शांतपणे करून बघायची संधीच मिळत नाही. दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मला हा अन्याय वाटतो. दुसरं म्हणजे नट बहुतेक सहाध्यायीच असतात, सगळे साधारण एका वयाचे. सत्तर वर्षांच्या, आयुष्यभर काम केलेल्या नटाला सूचना कशी द्यायची हे इथे शिकता येत नाही. आणि निर्मात्यासमोर नाटक मांडणं, करार वाचणं, खर्चाचा अंदाज बांधणं, हे सगळं एका व्याख्यानात उरकलं.

लेखी काम भरपूर आहे. मला ते आवडलं. सहायक दिग्दर्शक म्हणून बाहेर काम करत शिकणाऱ्यांची ओढाताण झाली.

प्रवेश घ्यायचा विचार असेल तर संस्थेतल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. दिवे लावलेला रंगमंच त्यांना किती तास मिळाला, नट कुठून येतात, हे विचारा. आणि शिक्षक तालमीत येऊन बसतात की फक्त तयार झालेला प्रयोग बघायला येतात, हे सगळ्यात आधी विचारा.